सी शार्पमध्ये लिंक वापरून याद्यांवर काम करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे सी शार्पमध्ये रोज काम करणाऱ्या, विशेषतः या क्षेत्रात नव्याने आलेल्या प्रोग्रॅमरांसाठी लिहिली आहेत. उदाहरण सर्वत्र एकच घेतले आहे, ते म्हणजे गावातील दूध संकलन केंद्राच्या नोंदी. प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, तारीख, सकाळ किंवा संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून इतर घन पदार्थ) आणि दर एवढ्या गोष्टी असतात, आणि दर दहा दिवसांनी त्यांवरून सभासदाचे बिल निघते. असे हिशेब मी बरीच वर्षे प्रोग्रॅममध्ये बसवत आलो आहे, त्यामुळे यातील बहुतेक प्रश्न कधी ना कधी माझ्यासमोरही उभे राहिलेले आहेत. मेथडची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

लिंक म्हणजे नेमके काय? साधा लूप येत असताना ती शिकण्याची गरज आहे का?

लिंक म्हणजे लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी. सी शार्प ३.० आणि डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ यांच्यासोबत ती नोव्हेंबर २००७ मध्ये आली. त्याआधी डेटाबेसमधून माहिती काढायची तर एसक्यूएल, एक्सएमएलमधून काढायची तर एक्सपाथ आणि मेमरीतल्या यादीतून काढायची तर लूप, अशा तीन वेगळ्या तऱ्हा होत्या. त्यातही एसक्यूएल अवतरणचिन्हांत साध्या मजकुरासारखे लिहावे लागत असल्यामुळे कॉलमच्या नावातली चूक कंपायलरला कळत नसे, ती प्रोग्रॅम चालताना समोर येई. लिंकने गाळणे, निवडणे, क्रम लावणे, गट करणे आणि जोडणे या क्रिया भाषेतच आणल्या आणि कंपायलरच्या नजरेखाली ठेवल्या.

लूप वाईट आहे असे मुळीच नाही. प्रत्येक फेरीत मागच्या चार गोष्टी लक्षात ठेवून पुढचा निर्णय घ्यायचा असेल, तर सरळ लूपच वाचायला सोपा पडतो. मात्र "शून्यापेक्षा जास्त लिटर असलेल्या सकाळच्या नोंदी घ्या, सभासदवार गट करा आणि बेरीज करा" हे वाक्य जसे बोलले तसेच लिहिता येत असेल, तर तीन मोकळी व्हेरिएबल आणि दोन इफ घालून ते झाकून टाकण्यात काही अर्थ नाही.

मी व्हेअर लावून क्वेरी लिहिली, त्यानंतर यादीत एक नोंद टाकली, तरी ती नोंद उत्तरात आली. असे कसे?

लिंकमधला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. व्हेअर, सिलेक्ट, ऑर्डरबाय, ग्रुपबाय यांनी तयार होते ती क्वेरी म्हणजे उत्तर नव्हे, तर उत्तर कसे काढायचे याची कृती असते. ती कृती फॉरईच सुरू झाल्यावर, किंवा टूलिस्ट, काउंट, सम, फर्स्ट यांपैकी एखादी मेथड बोलावल्यावरच प्रत्यक्षात चालते.

समजा, सकाळी सात वाजता "आजच्या सकाळच्या नोंदी" ही क्वेरी एका व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि त्या वेळी यादीत ४० नोंदी होत्या. त्यानंतर उशिरा आलेल्या एका सभासदाचे दूध मोजले गेले. आता त्याच व्हेरिएबलवर काउंट बोलावला तर ४१ मिळतील, कारण क्वेरी ४० नोंदी जवळ बाळगून बसलेली नाही. ती मूळ यादीकडे बोट दाखवून उभी आहे. त्या क्षणाचे चित्र कायम राखायचे असेल, तर क्वेरीच्या शेवटी टूलिस्ट लावावी.

याच स्वभावातून आणखी तीन गोष्टी घडतात. पहिली, क्वेरीच्या अटीत बाहेरचे एखादे व्हेरिएबल वापरले असेल, उदाहरणार्थ किमान फॅटची मर्यादा, तर क्वेरी लिहिताना असलेली नव्हे, तर क्वेरी चालताना असलेली त्याची किंमत धरली जाते. दुसरी, अटीत चूक असेल तर एक्सेप्शन क्वेरीच्या ओळीवर न येता पुढे कुठेतरी फॉरईचमध्ये येते. म्हणून क्वेरीभोवती ट्राय-कॅच लावून निर्धास्त झालेल्या माणसाची फसगत होते. तिसरी, फाइलमधून ओळी वाचणारी क्वेरी यूझिंगच्या कंसाबाहेर परत पाठवली, तर ती प्रत्यक्ष चालेपर्यंत फाइल बंद झालेली असते. "कालपर्यंत चालत होते, आज फाइल बंद आहे म्हणते" अशी तक्रार ऐकली की मी सर्वप्रथम हीच जागा तपासतो.

सिलेक्टच्या आत प्रत्येक नोंदीचा दर बदलला, पण काहीच बदलले नाही. का?

त्या सिलेक्टचे उत्तर कोणी मागितलेच नसणार, म्हणून तो चाललाच नाही. सिलेक्ट जुन्यावरून नवे काढून देण्यासाठी आहे. असलेल्या वस्तूत बदल करायचा असेल तर फॉरईच वापरावा. टूलिस्ट लावून हा सिलेक्ट चालवता येतो हे खरे, पण वाचणाऱ्याला त्यातला हेतू दिसत नाही.

मग प्रत्येक क्वेरीच्या शेवटी टूलिस्ट लावणे बरे नाही का?

तसे करू नये. टूलिस्ट प्रत्येक वेळी मेमरीत नवी यादी उभी करते, आणि चार पायऱ्यांच्या साखळीत चार ठिकाणी ती लावली तर तीन याद्या विनाकारण तयार होतात. नियम सोपा आहे: एकच उत्तर एकापेक्षा अधिक वेळा फिरायचे असेल, किंवा मूळ यादी बदलणार असूनही त्या क्षणाचे उत्तर टिकवायचे असेल, तर टूलिस्ट लावावी, तीही साखळीच्या शेवटी एकदाच. आधी काउंट, मग सम, मग फॉरईच असे एकाच न साठवलेल्या क्वेरीवर केले, तर सारे गाळणे तीन वेळा होते. आणि ती क्वेरी डेटाबेसवर चालणारी असेल तर डेटाबेसकडेही तीन खेपा होतात.

नोंद आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर काउंट शून्यापेक्षा मोठा आहे का हे तपासणे योग्य आहे का?

गाळलेल्या क्वेरीवर एनी वापरावा. पहिली जुळणारी नोंद सापडताच एनी थांबतो, तर काउंट शेवटपर्यंत मोजत जातो.

फर्स्ट, फर्स्टऑरडिफॉल्ट, सिंगल आणि सिंगलऑरडिफॉल्ट यांपैकी कोणते केव्हा वापरावे?

या चौघांत निवड करताना वेगाचा विचार दुय्यम आहे. माहितीबद्दल तुम्ही काय गृहीत धरले आहे, ते निवडीतून सांगितले जाते. सभासद क्रमांक १०७ एकच असला पाहिजे, दोन असले तर ती माहितीतली चूक आहे, असे तुमचे म्हणणे असेल तर सिंगल वापरावा. दोन सापडले तर तो एक्सेप्शन देऊन थांबतो. तेथे फर्स्ट वापरला तर दोनांपैकी पहिला निमूटपणे उचलला जातो आणि एका सभासदाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. फर्स्ट अशा ठिकाणी योग्य आहे जेथे अनेक नोंदी असणे साहजिक आहे आणि क्रम लावल्यानंतरची पहिली हवी आहे, उदाहरणार्थ सभासदाची सर्वांत अलीकडची नोंद.

ऑरडिफॉल्टवाल्या मेथड काहीच न सापडल्यास थांबत नाहीत, तर त्या प्रकाराची मूळ किंमत देतात. क्लास असेल तर नल, आणि संख्या असेल तर शून्य. संख्येच्या बाबतीत हे अडचणीचे ठरते, कारण "नोंदच नाही" आणि "नोंद आहे, पण लिटर शून्य" यांत फरक राहत नाही. अशा वेळी लिटरची संख्या न मागता संपूर्ण नोंद मागावी आणि ती नल आहे का ते पाहावे.

सभासदवार बेरीज बरोबर येते, पण सरासरी फॅट मात्र वहीतल्या हिशेबाशी जुळत नाही. चूक कुठे आहे?

ही चूक माझ्याही हातून एका केंद्राच्या बिलांमध्ये झाली होती, आणि ती सचिवांनी वही पुढे ठेवून दाखवली, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ग्रुपबायने सभासद क्रमांकावर गट केले की प्रत्येक गट म्हणजे एक किल्ली आणि तिच्याखालच्या नोंदींची रांग असते. त्या रांगेवर सम लावून लिटरची बेरीज काढणे बरोबर आहे. मात्र ॲव्हरेज लावून फॅटची सरासरी काढली तर प्रत्येक नोंदीला सारखेच वजन मिळते, मग दूध दहा लिटर असो की दोन. समजा, सकाळी १० लिटर दूध ४.० फॅटचे आले आणि संध्याकाळी २ लिटर ५.२ फॅटचे. साधी सरासरी ४.६ येते. पण खरा हिशेब असा आहे: १० गुणिले ४.० म्हणजे ४०, २ गुणिले ५.२ म्हणजे १०.४, दोन्ही मिळून ५०.४, आणि त्याला एकूण १२ लिटरने भागले की ४.२. दर फॅटवर ठरतो, त्यामुळे ४.६ आणि ४.२ यांतला फरक थेट बिलाच्या रकमेत उतरतो.

म्हणून गटावर ॲव्हरेज न लावता दोन बेरजा घ्याव्यात, एक लिटर गुणिले फॅटची आणि दुसरी लिटरची, आणि मग भागाकार करावा. भागण्यापूर्वी लिटरची बेरीज शून्य नाही ना, हेही पाहावे. रक्कम आणि लिटर यांसाठी डबल न वापरता डेसिमल वापरावा, कारण डबलमध्ये ०.१ ही संख्यादेखील तंतोतंत साठवता येत नाही आणि शेकडो नोंदींच्या बेरजेत पैशांचा फरक दिसू लागतो.

गट दोन गोष्टींवर करायचे असतील, जसे सभासद आणि वेळ, तर किल्ली म्हणून निनावी प्रकार, टपल किंवा रेकॉर्ड द्यावा, कारण त्यांची तुलना आतील किमतींवरून होते. स्वतः लिहिलेला साधा क्लास किल्ली म्हणून दिला आणि त्यात इक्वल्स व गेटहॅशकोड लिहिले नसतील, तर प्रत्येक नोंदीचा वेगळा गट होईल.

रिकाम्या यादीवर सम शून्य देतो, पण ॲव्हरेज एक्सेप्शन देतो. हे विसंगत नाही का?

काहीच नसलेल्याची बेरीज शून्य असते, पण सरासरी काढण्यासाठी भागायला काही उरत नाही, त्यामुळे हे वागणे योग्यच आहे. मिन आणि मॅक्सचेही तसेच आहे. संख्या नलेबल, म्हणजे नलही चालणाऱ्या, प्रकारात बदलून दिली तर या तिन्ही मेथड एक्सेप्शन न देता नल देतात, आणि अहवालात तेथे रिकामी जागा दाखवता येते. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे रिकाम्या यादीवर ऑल नेहमी खरे सांगतो, "सर्व नोंदी तपासल्या आहेत का?" या प्रश्नाला नोंदच नसलेल्या दिवशीही "होय" असे उत्तर मिळेल.

गावाचे नाव एकच आहे, तरी ग्रुपबायने त्याचे दोन गट केले. असे का होते?

बहुतेक वेळा शेवटी राहिलेली मोकळी जागा हे कारण असते आणि ट्रिम लावल्यावर ते मिटते. मात्र मराठी मजकुरात याहून खोल कारण असू शकते आणि त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

"कऱ्हाड" हे नाव घ्या. त्यातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येते, किंवा साधा र आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. याशिवाय काही कीबोर्ड र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह अशी तिसरीच रचना करतात. पडद्यावर तिन्ही एकसारखी दिसतात, पण ग्रुपबाय, डिस्टिंक्ट आणि डिक्शनरी मजकुराची तुलना चिन्हागणिक करतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तीन वेगळी गावे असतात.

नॉर्मलाइझ ही मेथड पहिल्या दोन रूपांना एक करते, म्हणजे र आणि नुक्ता यांचे एकसंध ऱ होते. जोडचिन्हाच्या रूपाला मात्र ती हात लावत नाही; तेथे र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त हे रिप्लेसने स्वतः घालावे लागते. हे काम प्रत्येक क्वेरीत करू नये. नाव प्रथम आत येते तेथेच, म्हणजे फॉर्म साठवताना किंवा फाइल वाचताना, एकदाच स्वच्छ करून ठेवावे. दऱ्या, पऱ्हाटी, कऱ्हा अशा शब्दांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या टेबलात एकदा ही तपासणी करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

देवनागरी अंकांबाबतही अशीच सावधगिरी हवी. "१२" या मजकुरातील प्रत्येक चिन्हाला इजडिजिट अंक मानतो, पण इंट पार्स मात्र तो मजकूर नाकारतो. आधी अंक बदलून घ्यावेत, मगच संख्या करावी.

सभासदांची यादी आणि नोंदींची यादी जोडल्यावर काही सभासद गायब होतात. ते कसे टिकवावेत?

जॉइन फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या जोड्या देतो. ज्या सभासदाने दहा दिवसांत एकदाही दूध घातले नाही, तो त्यातून गळतो, आणि "या दहा दिवसांत कोण आले नाही?" हाच तर सचिवांचा प्रश्न असतो. त्यासाठी ग्रुपजॉइन वापरावा. तो प्रत्येक सभासद ठेवतो आणि नोंदी नसतील तर रिकामी रांग देतो. सपाट यादी हवी असेल तर त्यापुढे सिलेक्टमेनी आणि डिफॉल्टइफएम्प्टी लावतात. ही रचना पाठ करणे अनेकांना जड जात असे; नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या डॉट नेट १० मध्ये त्यासाठी लेफ्टजॉइन ही थेट मेथड मिळाली आहे.

यादी मोठी झाली की प्रोग्रॅम रेंगाळतो. सुरुवात कुठून करावी?

एका यादीवरच्या व्हेअरच्या आत दुसऱ्या यादीवर कन्टेन्स किंवा फर्स्ट लावला आहे का, ते पाहावे. लिस्टमधला कन्टेन्स पहिल्यापासून एकेक घटक तपासत जातो. ५० हजार नोंदींपैकी प्रत्येकीसाठी ५ हजार सभासदांची यादी चाळली, तर वाईटात वाईट स्थितीत २५ कोटी तुलना होतात. तीच सभासदांची यादी लूपबाहेर एकदा हॅशसेटमध्ये, म्हणजे घटक थेट शोधता येणाऱ्या संचात, भरली, तर प्रत्येक शोधाला यादीच्या लांबीची झळ जवळजवळ लागत नाही. बदल एका ओळीचा असतो आणि मिनिटांचे काम सेकंदांवर येते.

क्रमांकावरून संपूर्ण वस्तू हवी असेल तर टूडिक्शनरी, आणि एका क्रमांकाखाली अनेक वस्तू असतील तर टूलुकअप वापरावा. टूडिक्शनरीला तीच किल्ली दुसऱ्यांदा मिळाली तर ती एक्सेप्शन देते. डिक्शनरीत नसलेली किल्ली चौकटी कंसाने मागितली तरीही एक्सेप्शन येते, लुकअप मात्र अशा वेळी रिकामी रांग देतो.

फॉरईचमध्ये फिरत असताना त्याच लिस्टमधून नोंद काढली की प्रोग्रॅम बंद पडतो. उपाय काय?

फिरत असताना लिस्ट बदलली की पुढच्या पावलाला एक्सेप्शन येते, कारण तिची आंतरिक खूण बदललेली असते. अट देऊन काढायचे असेल तर लिस्टचीच रिमूव्हऑल ही मेथड वापरावी.

आधी गावानुसार आणि मग नावानुसार क्रम लावायचा आहे. ऑर्डरबाय दोनदा लावला तर चालेल का?

नाही. दुसरा ऑर्डरबाय संपूर्ण यादी पुन्हा नव्याने लावतो. ऑर्डरबाय गाव, देनबाय नाव असेच लिहावे.

मराठी नावांसाठी तुलना कोणत्या नियमाने होते, तेही सांगावे लागते. काही न सांगता मजकुरावर ऑर्डरबाय लावला तर प्रोग्रॅम चालतो त्या संगणकाची भाषा धरली जाते, म्हणून आपल्या टेबलावर आणि सर्व्हरवर क्रम वेगळा येऊ शकतो. ऑर्डिनल तुलना दिली तर युनिकोडमधला क्रम लागतो, ज्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. यासाठी मराठी कल्चर, म्हणजे मराठीचे भाषिक नियम, देऊन स्ट्रिंगकंपेअरर तयार करावा आणि तो ऑर्डरबायला द्यावा. डॉट नेट ५ पासून विंडोजवरही तुलनेचे नियम आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडून येतात, त्यामुळे जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेताना आपल्याच नावांच्या यादीवर क्रम तपासून घ्यावा.

तीच क्वेरी मेमरीत चालते, पण डेटाबेसवर एक्सेप्शन देते. का?

मेमरीतली यादी आयइन्युमरेबल असते आणि तिच्यावरची अट म्हणजे प्रत्यक्ष चालणारे फंक्शन असते. एंटिटी फ्रेमवर्क, म्हणजे डेटाबेसमधली टेबले सी शार्पच्या वस्तूंसारखी हाताळू देणारी लायब्ररी, वापरली तर टेबल आयक्वेरीएबल असते. तेथे अट चालवली जात नाही, तिची रचना वाचून तिचे एसक्यूएल केले जाते. अटीत तुम्ही स्वतः लिहिलेली, उदाहरणार्थ दर काढणारी मेथड असेल, तर तिचे एसक्यूएल काय करावे हे एंटिटी फ्रेमवर्कला कळत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या एंटिटी फ्रेमवर्क कोअर ३.० पूर्वी अशा वेळी सगळ्या ओळी गुपचूप मेमरीत आणून तेथे गाळल्या जात; त्या आवृत्तीपासून स्पष्ट एक्सेप्शन येते. अनेकांना हा त्रास वाटला, पण मला तो मोठा उपकार वाटतो, कारण लाखभर ओळी आणून त्यातल्या दहा ठेवणारी क्वेरी आता लपून राहत नाही.

उपाय असा की डेटाबेसला समजणाऱ्या अटी, म्हणजे तारीख, क्रमांक, वेळ, आधी लावाव्यात, हवे तेवढेच कॉलम सिलेक्टने घ्यावेत, आणि त्यानंतर ॲजइन्युमरेबल लिहून उरलेले काम मेमरीत करावे. ॲजइन्युमरेबल किंवा टूलिस्ट व्हेअरच्या आधी लिहिली तर संपूर्ण टेबल खाली उतरते. तसेच सभासदांच्या फॉरईचमध्ये प्रत्येकाच्या नोंदी वेगळ्या मागू नयेत. ३०० सभासद असतील तर ३०१ क्वेरी होतात. इन्क्लूड लावून त्या एकत्र मागवाव्यात.

लांब साखळीचे उत्तर चुकते आहे. चूक नेमकी कोणत्या पायरीवर आहे, ते कसे शोधावे?

साखळी तोडून प्रत्येक पायरीला अर्थपूर्ण नावाचे व्हेरिएबल द्यावे, जसे "मोजलेल्या नोंदी", "सभासदवार गट", "बिलाच्या ओळी", आणि डीबगरमध्ये प्रत्येकाची संख्या पाहावी. त्यानंतर एकाच सभासदाचे दहा दिवस निवडावेत. सकाळ-संध्याकाळ धरून जास्तीत जास्त २० नोंदी होतात, आणि तेवढा हिशेब कागदावर करता येतो. कागदावरच्या आणि प्रोग्रॅममधल्या ओळी शेजारी ठेवल्या की ज्या पायरीवर संख्या पहिल्यांदा फुटते, तेथेच चूक असते. तो कागद फेकू नये. त्यातल्या २० नोंदी आणि शेवटची रक्कम जशीच्या तशी युनिट टेस्टमध्ये घालावी.